रॅमला खोबरेल

चूक सरळसरळ माझ्या बापाची. आधीच सांगतो, कारण म्हातारा अजून ती मानत नाही.

कॉलेज सोडल्यावर मी एकेक पार्ट जमवून कॉम्प्युटर जोडला. त्यावर पहिलं काम मिळालं, मिरकरवाड्यातल्या एका लग्नाचा व्हिडिओ एडिट करायचं. तो द्यायच्या दिवशी सकाळी बटण दाबलं, तर पंखे फिरले पण स्क्रीन काळीच. केबल बदलल्या, ग्राफिक्स कार्ड काढून लावलं, शेजाऱ्यांचा मॉनिटर आणला. शेवटी रॅम उपसली, तर ती बोटांतून सटकली. हुंगली. खोबरेल!

"बाबा, ह्याला तेल कोणी लावलं?"

"मी. पिवळ्या पट्ट्या उघड्याच होत्या. खाचांतपण सोडलंय थोडं."

"बोटीचं इंजिन नाही हे!"

"जन्म बोटीवर गेला माझा. खाऱ्या हवेत काय गंजतं ते मला नको शिकवू."

"मला विचारायचं तरी!"

"कॉलेज सोडलंस तेव्हा मला विचारलं होतंस? आता ह्या डब्यावरच तुझं पोट. तो गंजला तर खाशील काय?"

मी स्पिरिटने खाचा साफ करत बसलो. म्हातारा समोर चष्मा लावून खोडरबरने पट्ट्या पुसत होता, आणि वर मलाच सांगत होता, "हळू घास रे, मोडशील."

संध्याकाळी स्क्रीन लागली. तोवर नवरदेवाने व्हिडिओ दुसऱ्याला दिला होता. माझं पहिलं काम गेलं.