आधी अक्का, मग मी

त्या गाठीने माझी झोपच उडवली होती. वाटाण्याएवढी, पण छातीत. शिकलेली बाई मी, रोज चाचपायची आणि गप्प बसायची. शेवटी सासूबाईंना सांगितलं. आमच्या अक्का भडगावच्या. दुसऱ्याच दिवशी माझ्या चार वर्षांच्या लेकीला, चिमीला कडेवर घेऊन त्यांनी मला जळगावच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं.

"मॅमोग्राफी करा," बाई म्हणाल्या. "आणि अक्का, या वयात तुम्हीही करून घ्या."

मशीनच्या खोलीपाशी माझं नाव पुकारलं, तशी मी पिशवीच उचलली. "अक्का, घरी जाऊ या."

"बठ आठे. पहिले मी जास."

डोक्यावरचा पदर दिरांसमोर कधी ढळू न देणारी ही बाई सरळ आत गेली. बाहेर येऊन म्हणाली, "जरासं दाबस. भाकर थापाले यानापेक्षा जास्त जोर लागस. जाय आते."

मग मी गेले.

अक्कांचं सगळं ठीक होतं. माझीही गाठ साधीच निघाली. परतताना रिक्षात मी चिमीला म्हटलं, "बघ, आपली अक्का कशालाच घाबरत नाही!"

चिमी म्हणाली, "घाबरते. तू आत होतीस ना, तेव्हा तिने माझा हात इतका दाबला, की मी रडलेच."