हिरवं का जांभळं?

— न्हाई न्हाई, ह्ये भिंग नगं, काढा सायेब! अख्खा गाडीतळ दिसतुया ह्यात, मान्य हाय, पर मानसं कशी दिसत्यात — मुंग्यावानी! आमच्या कारखान्यानं ह्यो क्यामेरा घेतला कशापायी? गाडीतला ऊस कोन उपसतंय ते कळाय. त्वांडच दिसंना तर धरायचं कुनाला? मोठं सायेब म्हनलं, सयाजी, एकाहत्तरच्या लढाईत तू दुर्बिन वागवलीयास, टीवीम्होरं रोज तूच बसनार, तवा भिंगबी तूच पसंत कर — आनि ठरंस्तवर खोली सोडायची न्हाई. मंग मी काय उगं मान डोलावीन व्हय? लावा दुसरं. आनि क्यामेऱ्याचं त्वांड जरा डावीकडं फिरवाय सांगा तुमच्या मानसाला — तितं, लिंबाखाली, च्याची चूल दिसतीया न्हवं, तितं. ऊस? आसंल की तितंबी ऊस! आवं, हासताय काय?

ह्ये दुसरं बेस हाय. मधी कसं लख्ख — बैलाची शिंगं बगा! पर कडंला का वो समदं पानी ढवळल्यागत? आनि बाई नेमकी कडंलाच हुबी ऱ्हाती. कोन बाई काय, च्यावाली. हरणाबाई, शिराळ्याची. धनी वारला तवापासनं गाडीवानास्नी च्या पाजती. लय ग्वाड — च्या वो, च्या ग्वाड!

बरं, आता तुमच्यापासनं काय लपवायचं, पर मोठ्या सायबाच्या कानावर नगं. काल सांगलीस्नं आनल्यालं कोरं हिरवं लुगडं म्या तिच्या हातावर ठिवलं. म्हनलं, पाट लावू, माज्या घरात या. लाजली न्हाई, काई न्हाई — म्हनली, "हवालदार, उद्या ह्ये नेसून आले तर व्हय समजा. रोजचं जांभळंच दिसलं तर पुन्यांदा इशय काढू नगासा." आनि नेमकं आजच तुमी आलासा पुन्यास्नं भिंगं घिऊन! सकाळधरनं मी हितं कोंडल्याला. लावा तिसरं, लावा बिगीनं!

आरं तिच्या मायला! कडंपातूर लख्ख की वो! चाकाच्या आऱ्या, किटलीचा पोचा — आनि ही बगा, आली हरणाबाई! सांगा सायेब, हिरवं का जांभळं? काय? रंग न्हाई? टीवीच काळा-पांढरा, कुटल्याच भिंगात रंग दिसायचा न्हाई? आवं, मंग इतका येळ काय भिंगं फिरवीत बसलासा! हिरवंबी राखेवानी, जांभळंबी राखेवानी — मी आता समजायचं काय?

थांबा. हात लावू नगा त्याला. जवळ या — तिच्या लुगड्यावर त्या रेघा कसल्या? उब्या, आडव्या, चौकटीगत? टीवीचा दोष? मंग बैलावर का न्हाईत, लिंबावर का न्हाईत? ती वळली तशा त्याबी वळल्या की! रोजचं जांभळं धुवून धुवून पार मऊ पडलंय, त्याला कुटनं आल्यात असल्या रेघा — सायेब, घडी मोडली! हरणाबाईनं कोऱ्या लुगड्याची घडी मोडली!

ह्येच भिंग, पक्कं! सांगा मोठ्या सायबास्नी, सयाजीनं पसंत केलं. सरका, मला जाऊ द्या. तुमी कुटं निगालासा? च्या प्याया? छ्या! आज लिंबाखाली कुनी फिरकायचं न्हाई. ऊस? आवं, ऊस जाऊ द्या बैलाच्या पोटात! टीवी — टीवी तेवढा बंद करा आदी!