ऑर्व्हिल टॉर्गर्सन यांच्या तब्येतीबाबत

विषय : 'पोर्ट लँबर्टमध्ये ज्याची त्याची होडी पाण्यात डुलत असते' हे एका गुळगुळीत मासिकात छापून आलेलं विधान.

संदर्भ : माझी होडी. जी डुलत नाही. जी माझ्या गॅरेजपुढे, निळ्या ताडपत्रीखाली, लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे.

आणि वर फोटो! रंगीत! आमचा धक्का, आमचं तळं, आमचे पाणपक्षी, आणि खाली काय तर 'मध्यम आकाराचं, तळ्याकाठचं, समाधानी शहर'! तुम्हाला सांगतो, या मासिकवाल्या बाई आल्या कधी? जुलैत! जुलैत आमच्याकडे कुणीही यावं हो, जुलैत आम्ही स्वतःलासुद्धा आवडतो! मार्चमध्ये या ना! तळ्यावरून वारा सुटला की टोपी काय, टोपीखालचं मतसुद्धा उडून जातं. शिकागोकडची मंडळी आम्हाला खेडं म्हणतात, गाईगुरांची मंडळी आम्हाला गर्दी म्हणतात, आणि या बाई म्हणतात मध्यम! बरं, समाधानी कशावरून? तर म्हणे, ज्याला विचारावं 'इथे कसं वाटतं?' तो म्हणतो, "तसं वाईट नाही म्हणा."

अहो, पण ते आम्ही सगळ्यालाच म्हणतो! मुलगी झाली, तसं वाईट नाही म्हणा. अपेंडिक्स काढलं, तसं वाईट नाही म्हणा. कागदाची गिरणी बंद पडली, अर्धं शहर घरी बसलं, तेव्हाही लोक शुक्रवारी तळलेले मासे खायला जमलेच, आणि एकमेकांकडे बघून काय म्हणाले? जाऊ दे.

तर माझी होडी. मी नगरपालिकेच्या पाणीपट्टी खात्यात कारकून. म्हणजे होतो. जन्मभर या तळ्याचं पाणी लोकांच्या घरी नळाने जायचं आणि मागोमाग माझ्या सहीचं बिल जायचं. निवृत्त झालो तेव्हा म्हटलं, आता आपण स्वतः पाण्यावर जाऊ, आणि घेतली होडी. छोटी नाही. खोलीवाली. पडदे असलेली! एवढी जड की माझ्या गाडीला ओढवत नाही, क्रेनने एकदाच पाण्यात सोडायची आणि धक्क्यावर बांधून ठेवायची. आता धक्क्यावर जागा हवी, तर जागेसाठी यादी, आणि यादी कशी सरकते? एकतर कुणी कायमचं फ्लोरिडाला जायला हवं, नाहीतर त्याच्याही पलीकडे.

मी सरकलो हो! वर्षानुवर्षं सरकत सरकत पहिल्या क्रमांकावर आलो. माझ्यापुढे यादीत कुणी नाही. माझ्यापुढे फक्त ऑर्व्हिल टॉर्गर्सन. एकोणनव्वद वर्षांचे, विधुर, आमच्याच गल्लीत, कोपऱ्यावर. इतर जागांवर सगळी चाळिशीतली धडधाकट माणसं, मॅरेथॉन पळणारी. त्यामुळे जे काही व्हायचं ते ऑर्व्हिलच्या जागेचंच व्हायचं. आणि त्या जागेवर ऑर्व्हिल काय ठेवतात? एक ॲल्युमिनियमचं डबडं! त्यात बदकं राहतात! ऑर्व्हिल सकाळी येतात, धक्क्यावर घडीची खुर्ची मांडतात, थर्मासातली कॉफी पितात, डबड्याकडे बघतात आणि घरी जातात. तेवढ्यासाठी जागा!

तुम्ही म्हणाल, मग विचार ना सरळ! विचार? सरळ? कुठे राहता तुम्ही? आमच्या शहरात ताटातला शेवटचा केकचा तुकडा कुणी घेत नाही. अर्धा कापतात. मग त्याचा अर्धा. मग त्याचाही. रात्री ताटात जे उरतं ते घासायला पाणीसुद्धा लागत नाही. आणि मी नव्वदीच्या माणसाला विचारू, 'काय ऑर्व्हिल, कधी निघताय?'

मग मी काय केलं? मी चांगला वागलो! तिथेच चुकलं. म्हटलं, आपण सेवा करावी, म्हणजे एक दिवस आपण होऊन म्हणतील, 'नॉर्ब, घे बाबा ती जागा.' हिवाळ्यात त्यांच्या दारातला बर्फ मी काढायचा. सगळा. फूटपाथसकट. पाठ माझी गेली! माझी बायको आर्डिस खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "नॉर्ब, डॉक्टर काय सांगतात माहीत आहे ना? या वयात बर्फ उपसला तर माणूस जागच्या जागी जातो. तू उपसतोयस, ते आत बसून कोको पितायत. तुला जागा हवीय की त्यांना शंभरी?" बरं, सेवा करणारा मी एकटा असतो तर गोष्ट वेगळी. यादीत दुसरा आहे तो प्लंबर त्यांचे नळ फुकट दुरुस्त करतो, तिसरा सॉसेज आणून देतो, चौथी त्यांचा रक्तदाब मोजून जाते. अख्खी यादी त्या माणसाच्या तब्येतीला लागलीय! ऑर्व्हिल सत्तराव्या वर्षी काठी घेऊन चालायचे, मी पाहिलंय. आता काठी बदकांना हाकलायला वापरतात.

"कसं काय ऑर्व्हिल?" मी विचारायचो.

"तसं वाईट नाही म्हणा!"

आणि आर्डिसचा कॅसरोल राहिलाच की! बटाटे, सॉसेज, वर चीजचा जाड थर, भट्टीत खरपूस भाजलेला. दर गुरुवारी एक भांडं ऑर्व्हिलकडे. नेणारा मी. या जानेवारीत मला सर्दी झाली, नाक असं गळत होतं, म्हणून मी भांडं कुणाच्या हाती पाठवलं? शेजारच्या लव्हर्न प्रिबिलच्या. विधवा बाई, एकाहत्तरची, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, नवऱ्याच्या माघारी त्याची बिनजागेची होडी दारात सांभाळून आहे. यादीत सातवी. सातवी म्हणजे निरुपद्रवी! माझी सर्दी गेली, तरी ती म्हणाली, "राहू दे नॉर्ब, मी तशीही त्याच रस्त्याने जाते." मी म्हटलं किती भली बाई! रस्ता मुळात एकच आहे हे माझ्या लक्षात आलं नाही.

एप्रिलमध्ये आर्डिसने सांगून टाकलं. आवाज चढवला नाही, आमच्याकडे चढवत नाहीत. तिने फक्त भांडी जरा नीट लावली. "हे बघ नॉर्ब, मे संपायच्या आत ती होडी पाण्यात, नाहीतर माझ्या भावाच्या दारात. ड्वेन कधीचा मागतोय. मला त्या जागी टोमॅटो लावायचेत." ड्वेनच्या दारात! ड्वेन, जो होडीला 'बोटुकली' म्हणतो! जो तिचे पडदे काढून त्याजागी बिअरच्या जाहिराती लावणार!

गेलो मग. छाती घट्ट करून गेलो ऑर्व्हिलकडे. हवेवर बोललो. बर्फ यंदा उशिरा फुटला यावर बोललो. बेसबॉलवर बोललो. मग मांडीवर थाप मारून "बरं तर मग" म्हणालो, म्हणजे निघालो, दारात पुन्हा हवेवर बोललो, पायरीवर पुन्हा बर्फावर, आणि फाटकाशी पोचलो तेव्हा ऑर्व्हिल स्वतःहून म्हणाले, "नॉर्ब, थांब रे जरा. तुझ्याशी त्या धक्क्यावरच्या जागेबद्दल बोलायचंच होतं."

तुम्हाला सांगतो... मला तळ्याचा आवाज ऐकू आला! फाटकापासून!

"बोला ना," मी म्हटलं. "तशी काही घाई नाही."

"आता नको. शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात ये. आर्डिसलाही आण. आणि हो, टाय लाव."

टाय! मी घरी येऊन सांगितलं, आर्डिस, ऑर्व्हिल जागा देतायत, समारंभ करून देतायत! क्रेनवाल्याला फोन केला. ताडपत्री झटकली. पडदे धुतले, हाताने!

शनिवारी गेलो. तळघरात हॅमचे सँडविच, लाल जेली, कागदी घंटा टांगलेल्या, आणि मधोमध ऑर्व्हिल, छातीवर फूल. शेजारी लव्हर्न. तिच्याही फूल. मी म्हटलं, हिला कशाला फूल? तोपर्यंत पाद्रीबुवांनी मला ऑर्व्हिलच्या उजव्या हाताला उभं केलं होतं आणि माझ्या तळहातावर अंगठी ठेवली होती. करवला मी! आणि लग्न लागलं हो. माझ्या देखत, माझ्या हातातली अंगठी घेऊन! आर्डिसच्या चेहऱ्याकडे बघायची सोय नव्हती.

ऑर्व्हिल मला मिठी मारून म्हणाले, "नॉर्ब, जागेचं सांगायचं म्हणजे, आता लव्हर्नची होडी लावतोय तिथे. माझं डबडं काढतो. बदकांची व्यवस्था तू बघशील का?"

सोमवारी उघडायच्या वेळेला मी बंदराच्या कचेरीत. खिडकीशी टॅमी. म्हटलं, टॅमी, सातवी बाई पहिल्याच्या आधी कशी? टॅमी म्हणाली, "अरे नॉर्ब, ती यादीतून नाही ना आली, घरातून आली! जागा नवराबायकोची सामायिक असते. ऑर्व्हिलनंतर ती लव्हर्नची. नियमच आहे." मग जरा पुढे वाकून हळूच म्हणाली, "लव्हर्नची आई एकशे दोन वर्षं जगली, माहीत आहे? शेवटपर्यंत बोलिंग खेळायची."

"तसं वाईट नाही म्हणा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणू? खिडकीपुढे रांग होती.

घरी आलो. खुर्चीत बसलो. आर्डिसला म्हटलं, बोलाव ड्वेनला, घेऊन जाऊ दे. तर ती शांतपणे टेबल पुसत होती. चर्चमध्ये ऑर्व्हिलनी भाषण केलं होतं ना, 'लव्हर्नच्या कॅसरोलने मला पुन्हा जगावंसं वाटलं' म्हणून... ते तिने ऐकलेलं! तिने फडकं पिळलं. असं पिळलं!

"बटाटे माझे," ती म्हणाली. "चीज माझं. भांडंसुद्धा माझं, ते अजून आलेलं नाही. नवरा तिला, धक्का तिला! ड्वेनचं नाव काढू नकोस नॉर्ब. होडी विकायची नाही. आता ती पाण्यात गेलीच पाहिजे. लव्हर्नच्या शेजारी!"

"अगं, पण टोमॅटो?"

"कुंडीत येतात."

लग्नाला चाळीस वर्षं झाली, एवढं प्रेमाचं बोलणं मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ताडपत्री मी पुन्हा बांधली. पडदे आत इस्त्री करून लावलेत. संध्याकाळी आम्ही दोघं होडीच्या खोलीत बसून कॉफी पितो. गॅरेजचं दार दिसतं, आणि बदकंही आहेत, ती आता आमच्याकडे असतात. आर्डिस म्हणते, हवा चांगली लागते.

कचेरीतून दरवर्षीप्रमाणे विचारणा आली होती, यादीत नाव ठेवायचं का. 'होय' कळवलं आहे. दोन्ही टॉर्गर्सन यांची प्रकृती उत्तम आहे. क्रमांक पहिला. अर्ज प्रलंबित आहे.