दहा सेकंद गप्प

गप्प कधी बसायचं असतं, हे मी एकदा एका साहेबांना शिकवलंय. ऐका.

कर्वेनगरच्या आमच्या लॅबमध्ये विमानाच्या पंखाचा तुकडा होलोग्राम काढून तपासायला आला. सोबत तो बनवणाऱ्या कंपनीचे साहेब.

"होलोग्राम म्हणजे ते बाटलीवरचं चकचकीत स्टिकर ना? अहो मॅडम, आमचा माणूस नाण्याने टकटक करून सांगतो, पंख ठणठणीत आहे."

मी म्हटलं, "लेझर लावतेय. दहा सेकंद बोलायचं नाही. आवाजानेसुद्धा चित्र बिघडतं."

तिसऱ्या सेकंदाला साहेब म्हणाले, "बरं, बरं."

होलोग्रामची फोटो-प्लेट वाया. दुसऱ्या वेळी, "झालं का?" तीही वाया. मी दार उघडलं. "आपण बाहेर थांबा."

"मी कोण आहे माहितीये?"

"मला माहितीये. लेझरला नाही."

तिसऱ्या खेपेला चित्र निघालं. पंखावर एके ठिकाणी गोल गोल रेषा. म्हणजे आतला थर सुटलेला. साहेबांना आत बोलावून दाखवलं. ते हळूच म्हणाले, "मॅडम, याबद्दल जरा गप्प राहता येईल?"

म्हटलं, "साहेब, गप्प राहायचं ते चित्र काढताना. आता चित्र निघालंय."