कासमभाईनं न विकलेला चार्जर

रोज संध्याकाळी मोटार काढून मी जातो कुठे, विचारता ना? ऐका. आमची ही गेल्यापासून मोटार दारातच उभी, बॅटरी सारखी उतरायची. घरात पहिल्यांदाच वीज आली, तसा भद्रकालीत कासमभाईच्या मोटारसामानाच्या दुकानी गेलो. "कायम लावून ठेवता येईल असा, बॅटरी हळूहळू भरणारा चार्जर दाखवा."

"मोटार किती चालते, वकीलसाहेब?"

"चालतच नाही."

"मग चार्जर कशाला? रोज चक्कर मारा, बॅटरी आपोआप भरेल."

मी भडकलोच. "चक्कर मारा म्हणे! जाऊ कुणाकडे?"

त्यानं दाखवायला काढलेला चार्जर फळीवर परत ठेवला. "इथंच या. चहा घेऊ."

तेव्हापासून जातो. शुक्रवारी त्याचं दुकान बंद असतं. तरी जातो, बंद दारासमोर जरा थांबतो नि परततो. बॅटरीसाठी हो!