फ्रिजवरचा लाल ठिपका

…आणि म्हणे मी लवकर जाणार! मी! तीस वर्षं लोकांच्या लिफ्टचे ब्रेक तपासतोय, एकाला अडकू दिलं नाही, आणि मीच आधी जाणार! का? तर म्हणे माझा स्वभाव!

तुम्हाला सांगतो, सोसायटीत आरोग्य शिबिर होतं. वजन बघा, रक्तदाब बघा, समजू शकतो… पण तिथं एक समुपदेशक बाई बसलेल्या, चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन, स्वभावावरून तब्येत सांगणार! "काका, कुलूप लावल्यावर पुन्हा ओढून बघता?" म्हटलं, तीनदा. "झोपताना गॅसचा विचार येतो?" म्हटलं, विचार कशाला, उठून बघूनच येतो! झालं! चिकटवला लाल ठिपका. आणि शेजारच्या खुर्चीत आमचे मेव्हणे, बायकोचे थोरले बंधू. त्यांना अख्खं घर मजेतदादा म्हणतं, कारण काहीही विचारा, उत्तर एकच. गुडघा कसा आहे? "मजेत!" छत गळतंय ना? "मजेत गळतंय!" त्यांना हिरवा ठिपका! लाल म्हणजे धोका, हे काय कुणी सांगायला हवं? मी लवकर जाणार आणि हे शंभरी गाठणार!

बायकोनं दोन्ही कागद फ्रिजवर लावले, शेजारी शेजारी, चुंबकाखाली. "बघा, शिका जरा दादाकडून! आठ दिवस काळजीचा एक शब्द काढलात तर बघा!" आता छप्पन्नाव्या वर्षी काय बदलणार माणूस? पण तिचे डोळे भरलेले हो… ती खरंच घाबरली होती. म्हणून दिला शब्द. पाच दिवस कुलूप एकदाच ओढलं. हात शिवशिवायचा! कुणी विचारलं की "मजेत" म्हणायचो.

सहाव्या दिवशी दादा जेवायला आले. लिफ्ट बंद, मीच बंद ठेवलेली, तारेचा आवाज मला पटला नव्हता. आता दादांची पद्धत अशी, की तळमजल्यावर विनोद सुरू करायचा आणि आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दाराशी संपवायचा. वर्षानुवर्षं ठरलेलं! मी दार उघडून ऐकतोय, तर पहिल्या मजल्यावर विनोद थांबला… पुन्हा सुरू झाला… दुसऱ्यावर परत थांबला… आणि दाराशी नुसतेच दादा आले, विनोद आलाच नाही! कपाळावर घाम. डावा खांदा चोळतायत.

अहो, लिफ्ट अशी मधे मधे थांबायला लागली तर मी तिच्यात मांजरसुद्धा चढू देत नाही! म्हटलं, "दादा, बरं नाही का?" "मजेत हो भावोजी! जरा जळजळ." बायको स्वयंपाकघरातून, "सुरू झालं तुमचं? शब्द दिलाय!" मी ताटं मांडली. दादांनी घास उचलला आणि खाली ठेवला. मग मात्र म्हटलं, गेला शब्द खड्ड्यात! अँब्युलन्सला फोन केला. बायको ओरडतेय, दादा हसतायत, "भावोजी, लोक काय म्हणतील!" मी म्हटलं, म्हणू देत! मी तसाही लवकर जाणार!

हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या. दोन! डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "वेळेत आणलंत. जेवून झोपले असते तर उठले नसते. आता धोका टळलाय." आणि मी, तुम्हाला सांगतो, दवाखान्याच्या बाकावर बसून ढसाढसा रडलो. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. बायकोनं माझा हात धरला तो सोडेचना.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा माझा कागद काढला आणि तडक गेलो समुपदेशक बाईंकडे. म्हटलं, घ्या तुमचा ठिपका! बाईंनी कागद घेतला, उलटा केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "काका, मागची बाजू वाचली नाहीत?" मागची बाजू! तीन तीनदा कुलूप ओढणारा मी, आणि पान उलटलं नाही! तिथं लिहिलेलं, "लाल म्हणजे काळजी जास्त करतात, पण लगेच कामाला लागतात. शिस्त चाळीसपैकी एकोणचाळीस. अशी माणसं बहुधा दीर्घायुषी." माझा कागद परत घेऊन घरी आलो आणि दादांचाही उलटला. "आनंदी, पण दुखणं अंगावर काढतात. कोणीतरी लक्ष ठेवावं."

कोणीतरी म्हणजे कोण? बायकोनं ठरवून टाकलं. आता रोज सकाळी दादांना फोन. "गोळी घेतली?" "मजेत!" "मजेत राहू द्या, रक्तदाबाचा आकडा सांगा!" मग सासूबाईंची साखर, मग शेजारच्या काकूंचे डोळ्यांचे थेंब, मग बायको स्वतः, "अहो, मला जरा धडधडतंय, बघा ना!" आणि मी कंटाळून म्हटलं, अगं, माझं काही झालं तर कोण बघणार हे सगळं? तर फ्रिजवर आता उलटा लावलेल्या माझ्या कागदाचं चुंबक सरळ करत म्हणते कशी, "तुम्हाला काय होतंय! लेखी आहे आपल्याकडे!"