गाडी आधी बाहेर काढायची!

…आणि वर मलाच विचारतात, "तुम्ही हे सिनेमे खरंच बघितलेत का हो?" मला! नाही, तुम्हीच सांगा, जी सहाव्या वर्षापासून दर रविवारी दुपारचा खेळ बघत आली, जिला थिएटरमधल्या कुठल्या खुर्चीची स्प्रिंग कुठे टोचते ते पाठ आहे, तिला हे विचारायचं? आणि विचारणार कोण, तर एक दाढीवाला, ज्याला वाटतं सिनेमा त्याच्या दाढीत अंडी घालतो, आणि दुसरी एक दातांची डॉक्टर! दातांची! लोकांचे काढून भागलं नाही म्हणून त्या दिवशी माझ्यासमोर बसून स्वतःचेच दात काढत होती!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल ही बया वेडी आहे. आमच्या शहरात एक फिल्म क्लब आहे. दर महिन्याला चार सिनेमे दाखवतात आणि ते चार कुठले, हे एक समिती ठरवते. त्या समितीत एक जागा रिकामी झाली. आता मला ती जागा हवी होती. हवी म्हणजे काय, लोक नव्या फ्लॅटकडे बघतात ना, तशी मी चार वर्षं त्या खुर्चीकडे बघत होते! अट एवढीच, की चाळीस सभासदांसमोर उभं राहायचं आणि दहा मिनिटांत सांगायचं, तुमचे आवडते तीन सिनेमे कुठले आणि का. मी म्हटलं, दहा मिनिटं? मी दहा तास बोलेन, तुम्ही चहा आणत राहा!

पण त्याआधी माझ्या बाबांबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्याचं मूळ ते आहेत. बाबा स्वभावाने गरीब आहेत, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. पण गर्दी! गर्दी म्हटलं की त्या माणसाच्या अंगावर काटा येतो. आम्ही सिनेमाला अर्धा तास आधी पोचणार, का, तर गाडी फाटकाजवळ लावता येते. आणि सिनेमा संपायला दहा मिनिटं राहिली… आता बघा हं, तिकडे पडद्यावर वादळ, विजा, संगीत वर चढतंय, आईचा हात माझ्या हातात, मी श्वास रोखलाय… आणि अंधारात किल्ल्यांचा आवाज. खुळ्ळ. "चला उठा, गाडी आधी बाहेर काढायची!"

दर वेळी! एकदा नाही, दोनदा नाही, सोळा वर्षं! अहो, त्या डोअरकीपरने आमचं नाव 'अर्धवट कुटुंब' ठेवलं होतं. लाज वाटायची मला, पण करणार काय? पुढे बाबा, मागे आई, तिच्यामागे ताई, शेवटी मी, मान मागे वळवून, लोकांचे पाय तुडवत… "ए बाई, खाली बस!" … "अहो काका, बसायचंच तर होतं!"

मग गाडीत मागच्या सीटवरून मी रडायचे. "बाबा, पुढे काय झालं?" आणि बाबा, आरशात बघत, गिअर टाकत, अगदी शांतपणे, "पुढे काय होणार? आले सगळे घरी. बसले जेवायला." मला वाटायचं बाबांनी आधी बघितलाय! मोठा माणूस आहे, त्याला माहीत असणारच! तुम्ही नाही ठेवलात विश्वास तुमच्या बाबांवर?

तर माझे तीन सिनेमे. नावं विचारू नका, आमच्या घरात सिनेमाला नाव नसतं, खूण असते. बोटवाल्याचा, भिंतीचा आणि घोड्याचा. बोटवाल्याचा म्हणजे दोन भाऊ, वर्षानुवर्षं बोलत नाहीत, नदीला पूर येतो, धाकटा पलीकडे अडकतो आणि थोरला तसल्या पुरात बोट घालतो. बोट मध्यावर पोचली आणि… खुळ्ळ! गाडी आधी बाहेर काढायची! भिंतीचा म्हणजे दोघी बहिणींनी घराच्या मधोमध भिंत घातलेली, शेवटी एक हातोडा घेऊन उभी राहते, दुसरी पलीकडून कान लावते, हातोडा वर गेला… खुळ्ळ! आणि घोड्याचा म्हणजे एक म्हातारा टपालवाला आणि त्याचा लंगडा घोडा, बर्फातून डोंगर चढतायत. मी विचारलं, "बाबा, घोडापण जेवायला बसला?" बाबा म्हणाले, "त्याला बाहेर दिलं."

किती विचार केलेला! त्याला बाहेर दिलं!

आता हे मला का आवडतात? हेच तर सांगायला उभी राहिले ना मी! घसा खाकरून म्हणाले, की मित्रहो, जगात सगळीकडे माणसं मारून रडवणारे सिनेमे निघतात, पण या तीन दिग्दर्शकांची हिंमत बघा, सगळ्यांना घरी आणून जेवायला बसवतात! समितीतल्या त्या दाढीवाल्याने मान वाकडी केली. मला वाटलं, प्रभावित झाला. मग मी सगळ्यात मोठी गोष्ट सांगितली, जी मी कुणाला सांगत नाही. माझे बाबा आणि काका आठ वर्षं बोलत नव्हते. कशावरून ते दोघांनाही आठवत नव्हतं, पण बोलत नव्हते. बोटवाल्याचा बघून आल्यावर मी, अकरा वर्षांची, कुणाला न विचारता काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, त्या सिनेमात दोघं भाऊ जेवायला बसले. तुम्ही पण या." आणि काका आले हो! दारात उभे! बाबा दार उघडून बघतायत, काका त्यांच्याकडे बघतायत, आई आत पदर तोंडात धरून… आणि आठ वर्षांनी बाबा पहिलं वाक्य काय बोलले असतील?

"गाडी कुठे लावलीस?"

झालं! काका जे जेवायला बसले ते आजतागायत दर रविवारी बसतात, उठवावं लागतं. आणि भिंतीच्या सिनेमामुळे मी आणि ताईने खोलीत मध्ये कपाट उभं करायचा बेत रद्द केला, पंधरा वर्षं एका खोलीत काढली. ताईच्या घोरण्यासकट! म्हणजे सिनेमा आयुष्य बदलतो, मी म्हटलं, हा घ्या पुरावा!

टाळ्या पडायला हव्या होत्या की नाही? कुठलं काय! उलट ती दातवाली, गोड आवाजात, लहान मुलाला तोंड उघडायला सांगतात ना, तशी, "पण ताई… बोट परत येते ना… रिकामी?"

मी म्हटलं, "काय?"

"रिकामी येते. दोघेही जातात."

दाढीवाला म्हणाला, "आणि भिंत पडते. दोघींवर."

आणि मागून एक कुणीतरी, ज्याचं मी आयुष्यात काही वाकडं केलेलं नाही, ओरडला, "घोड्याला गोळी घालतात!"

तुम्हाला सांगते, चाळीस माणसं हसली. चाळीस! मी घोड्यासाठी हात जोडून उभी आणि हे हसतायत! आणि मी तरी गप्प बसावं की नाही? नाही! मी म्हणाले, "तुम्ही चुकीचे सिनेमे बघितलेत!" तीन वेळा म्हणाले! आवाज चढवून! टेबलावर हात आपटून! दाढीवाला म्हणाला, "असं करा, तिन्ही सिनेमे शेवटपर्यंत बघा आणि पुढच्या रविवारी परत येऊन बोला. मग ठरवू." शेवटपर्यंत! कसा उच्चारला होता तो शब्द, जणू मला बुटाची नाडी कशी बांधतात ते शिकवतोय!

घरी आले ती तणतणत. बाबा पेपर वाचत होते. "बाबा! बोट रिकामी येते!"

"कुठली बोट?"

"बोटवाल्याची! तुम्ही सांगितलंत जेवायला बसले!"

"हो का?" पेपराचं पान उलटलं. "मग मला काय माहीत? मी कुठे बघितला होता? मी तुमच्याबरोबरच बाहेर आलो की!"

ऐकलंत? ऐकलंत ना! सोळा वर्षं हा माणूस बिनदिक्कत ठोकत होता! मी आईकडे बघितलं, तर आई भाजी निवडत, वर न बघता, "मला माहीत होतं. सगळ्यांचा शेवट सारखा कसा असेल? पण तू हसत झोपायचीस, म्हटलं जाऊ दे." जाऊ दे! माझी अख्खी अभिरुची जाऊ दे!

मी म्हटलं, ठीक आहे, आता समोर बसून बघायचं. रविवारी सकाळी टीव्हीवर बोटवाल्याचा लावला. काका पण आलेले, ते तर येतातच. दोघं भाऊ सोफ्यावर, मी खाली, रिमोट माझ्या हातात, दार आतून बंद. पूर आला. बोट निघाली. दहा मिनिटं राहिली आणि… खुळ्ळ.

"बाबा, आपण घरी आहोत!"

"अगं हो, पाणी पिऊन येतो."

"पाण्याला किल्ल्या लागतात?"

गेले! आणि काका? काका पण त्यांच्यामागे गेले! "मलाही तहान लागलीय." अख्ख्या खानदानाला एकदम तहान! मी एकटी बसले आणि पहिल्यांदा, आयुष्यात पहिल्यांदा, एका सिनेमाची शेवटची दहा मिनिटं बघितली. रिकामी येते हो. बोट. बरोबर म्हणत होती दातवाली. काठावर बायका उभ्या आहेत, बोट हळूहळू येते, लागते, आत नुसतं पाणी. बास. नावं सुरू.

स्वयंपाकघरातून बाबांचा आवाज. "संपला का? काय झालं शेवटी?"

मी दारात गेले, खरा शेवट तोंडावर फेकून मारायला. अगदी वाक्य तयार होतं माझं! तर आत टेबलाशी दोघं भाऊ शेजारी शेजारी, ताटं मांडलेली, काका लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही म्हणून लाल झालेले, आणि दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं. चमचा हवेत.

मी म्हटलं, "काय होणार? आले दोघं घरी. बसले जेवायला."

"मग!" बाबांनी टेबलावर थाप मारली. "मी काय सांगत होतो? लाव फोन त्या दातवालीला!" आणि काका म्हणाले, "दिग्दर्शक चांगला होता."

डोकं आपटू कुठे मी? आता ते दोघं सोसायटीभर सांगत फिरतायत की आमच्या मुलीने स्वतः बघून खात्री केली!

हां, क्लबचं राहिलं. त्याच संध्याकाळी गेले होते. बोलले. तेच तीन सिनेमे! म्हटलं, तुम्ही तुमचे शेवट ठेवा, माझ्याकडे माझे आहेत, आणि माझ्या शेवटातला एक माणूस आत्ता आमच्याकडे दुपारची झोप काढून उठला असेल. कुणी हसलं नाही. दातवालीचं तोंडसुद्धा बंद! दाढीवाला म्हणाला, "बसा, दहा मिनिटांत निकाल सांगतो."

दहा मिनिटं! तुम्हाला सांगते, दाढीवाल्याने कागद हातात घेतला, चष्मा चढवला, अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं, आणि… खुळ्ळ! माझ्याच पर्समध्ये! पाय आपोआप उठले हो माझे! लोकांचे अंगठे तुडवत, "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी" करत, थेट बाहेर! अख्ख्या पार्किंगमध्ये मी एकटी, फाटक मोकळं, गाडी सगळ्यांच्या आधी बाहेर!

निकाल काय लागला? मला काय विचारता? आमच्या बाबांना विचारा. त्यांना सगळे शेवट माहीत असतात.